कचरा उचलणाऱ्यांचा मान: डब्यात काय, कसं आणि कुठे ठेवायचं

निशिगंध (धागाकर्ती)

सफाई कामगारांशी, कचरावेचकांशी आदरानं वागावं यावर कुणाचं दुमत नसतं. पण तो आदर ठरतो कुठे? माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात, ती माणसं दारात यायच्या आधी. आपण एका पिशवीत जे कोंबतो ते पुढे कुणीतरी हातानं वेगळं करतं. गोड बोलणं, नमस्कार करणं चांगलंच, पण पिशवीत उघडं ब्लेड असेल तर त्या नमस्काराला काही अर्थ उरत नाही.

पुण्यात दारोदार कचरा नेणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. सुका कचरा निवडून विकणं हा त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना 1993 ची. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार करून काम करू लागली. या बायकांनी कामगार म्हणून आपली ओळख झगडून मिळवली आहे. आपल्याकडून व्हायला हवं ते त्यामानानं फारच थोडं आहे.

घरात कचऱ्याचे चार भाग करा. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन सांगितले, आणि पॅड-डायपर नीट गुंडाळून द्यायला सांगितले होते. व्यवहारात तो चौथा भाग धरलेला बरा.

ओला कचरा पिशवीत बांधू नका. बांधलेली पिशवी कुणाला तरी फाडावी लागते, आणि आतलं सगळं हातावर येतं. झाकणाची छोटी बादली ठेवा, तळाला वर्तमानपत्राचं एक पान घाला, म्हणजे बादली उलटी केली की सगळं सुटून पडतं. आमटी, ताक, खरकटं पाणी आधी गाळणीतून सिंकमध्ये जाऊ द्या. ओल्या कचऱ्याचं बरंच ओझं आणि बराचसा वास या पाण्याचा असतो. नारळाच्या करवंट्या आणि शेंड्या बाजूला ठेवा. त्या लवकर कुजत नाहीत आणि खताच्या खड्ड्यात अडकून बसतात.

सुका कचरा म्हणजे धुतलेला आणि वाळलेला. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटे तुकडे कुणाच्याच हाती लागत नाहीत. पिशवी विसळून ओट्याच्या कडेला वाळत घाला. पुठ्ठा ओला किंवा तेलकट झाला की त्याला भाव मिळत नाही. एका डब्यातली चमचाभर आमटी आजूबाजूची रद्दी खराब करते, आणि ते नुकसान निवडणारीच्या पदरात पडतं.

बाकीच्या दोन भागांबद्दल जाणकारांनी लिहावं.

---

मुळाकाठ

पॅड आणि डायपरबद्दल लिहितो. यात सगळ्यात जास्त चूक होते ती काळ्या किंवा रंगीत प्लास्टिकच्या पिशवीनं. बाहेरून ती सुक्या कचऱ्याची वाटते, म्हणून निवडणारी ती उघडते. पिशवीत लपवल्यानं आपली लाज झाकली जाते, पण तिचा हात थेट त्यात जातो.

पद्धत साधी आहे. पॅड आतल्या बाजूनं गुंडाळा. वर्तमानपत्राचं अर्धं पान घ्या, पुडी बांधतो तशी घडी घाला, दोरा बांधा. वर लाल मार्करनं ठळक ठिपका काढा, निदान रुपयाच्या नाण्याएवढा. पुण्यात ही लाल ठिपक्याची खूण कचरावेचकांनीच रुजवली. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला जाते. बॉलपेनचा ठिपका दिसत नाही, म्हणून न्हाणीघरात कागदाच्या तुकड्यांबरोबर एक लाल मार्कर टांगून ठेवा.

डायपरमधली शी आधी कमोडमध्ये झटकायची. मग डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायचा, कागद, ठिपका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे मोठे डायपर भिजून खूप जड होतात. ते एकेक वेगळे बांधा, चार-पाच एकत्र कोंबू नका. पुडा फाटतो आणि उचलणारीच्या अंगावर सांडतो.

आणि कमोडमध्ये पॅड टाकणं पूर्ण बंद. पॅडमधला शोषक पदार्थ पाण्यानं फुगतो, नळीच्या वळणावर अडकतो, आणि तो काढायला शेवटी एका माणसाला चेंबर उघडून हात घालावा लागतो.

---

रानजाई

आमच्या संकुलात पॅड जाळायचं छोटं विजेवर चालणारं यंत्र बसवायचा प्रस्ताव आहे. मग ठिपक्याची गरजच नाही ना?

---

मुळाकाठ

@रानजाई, घाई करू नका. पॅडमध्ये बरंच प्लास्टिक असतं. ते नीट जळायला 800 अंशांच्या वर तापमान लागतं, आणि निघालेला धूर पुन्हा त्याहून जास्त तापमानात जाळावा लागतो. न्हाणीघरात बसवायच्या लहान यंत्रांत ती दुसरी पायरी सहसा नसते. अर्धवट जळलेल्या प्लास्टिकचा धूर खिडकीतून बाहेर जातो, आणि चिकट राख रोज हातानं कुणी काढायची? तीच सफाईवाली मावशी. यंत्र घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तापमान किती, आणि धुराचं काय होतं.

---

शतावरी

मी सुयांबद्दल लिहिते, कारण घरोघरी इन्सुलिन घेणारे वाढले आहेत आणि सुया सर्रास सुक्या कचऱ्यात जातात.

दवाखान्यांतल्या अनुभवावरून मांडलेले आकडे असे: संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली आणि टोचलेल्या माणसानं लस घेतलेली नसेल, तर हेपॅटायटिस ‘बी’ होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते. ‘सी’ची साधारण 1.8 टक्के, एचआयव्हीची 0.3 टक्के. ‘बी’चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो. म्हणजे परवाची सुई आजही धोकादायक असते.

घरी काय करायचं: फिनाइलची किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली रिकामी करून घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, सुई तिच्यातून आरपार जाते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा. इन्सुलिन पेनची सुई बाहेरचं मोठं टोपण लावून फिरवून काढा आणि थेट बाटलीत टाका. साखर तपासायची टोचणीही तिथेच. सिरिंजच्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला जाऊ नका, त्यात आपल्यालाच टोचतं. तीन चतुर्थांश भरली की झाकण लावून वर चिकटपट्टी. ही बाटली रोजच्या कचऱ्यात द्यायची नाही. तुमच्या डॉक्टरांना किंवा रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा, त्यांचा जैववैद्यकीय कचरा वेगळा जातो आणि बरेच जण बाटली ठेवून घेतात. नाहीतर महापालिकेच्या घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनात द्या.

कचरा उचलणाऱ्या कुणाला टोचलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडानं चोखायचं नाही. त्या माणसाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात घेऊन जा. एचआयव्ही रोखणारी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, दोन तासांत उत्तम, आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही बघायचं. त्या दिवसाचा रोज बुडतो, तो सोसायटीनं भरून द्यावा. सुई सोसायटीच्याच डब्यातून आलेली असते.

एक सूचना. ‘बी’ची लस तीन डोसांत होते: पहिला, एक महिन्यानं दुसरा, पहिल्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. दिवाळीला भेटवस्तू द्यायच्या विचारात असाल, तर आपल्याकडे येणाऱ्या सगळ्यांना विचारून या तीन डोसांचा खर्च उचला.

---

सह्यकडा

काच, ब्लेड, बल्ब यांचं थोडक्यात.

फुटलेली काच: वर्तमानपत्राच्या निदान सात-आठ पदरांत गुंडाळा, वर पुठ्ठ्याचं खोकं, चिकटपट्टी, आणि खोक्यावर ‘काच’. हातात देताना तोंडानंही सांगा. सगळ्यांना वाचता येत नाही. अख्खी बाटली मात्र गुंडाळू नका, ती विकली जाते.

दाढीची ब्लेडं: जुना पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, आणि भरेपर्यंत त्यातच टाकत राहा.

सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो, एका सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम. एलईडीत नसतो. सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा. केरसुणी फिरवू नका, पारा पसरतो. जाड कागदानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत. हे काम घरकाम करणाऱ्या बाईंना सांगू नका. आपल्या हातून फुटलं, ते आपणच उचलायचं.

बॅटऱ्या आणि मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात अजिबात नकोत. गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

---

कोपरा

आम्ही सगळ्यांना हातमोजे दिले, पण त्या घालत नाहीत. मग काय करायचं?

---

मुळाकाठ

@कोपरा, आधी मोजे कसले आणले ते बघा. बहुतेक वेळा पुरुषांच्या मापाचे जाड रबरी असतात. बाईच्या हातात ते सैल होतात आणि कागद-प्लास्टिक वेगळं करताना बोटांना काही कळत नाही. मे महिन्यात तासाभरात आत घाम साचतो आणि कातडी सोलपटते. मोजा घालून काम मंदावतं, आणि त्यांची कमाई तर निवडलेल्या मालावर आहे. त्यामुळे त्या काढून ठेवतात.

विणलेले, तळव्याला रबराचा लेप असलेले मोजे घ्या. पाठीमागून हवा लागते, पकड राहते. माप विचारून आणा, प्रत्येकीला दोन जोड द्या म्हणजे एक धुता येतो, आणि तळवा फाटला की नवा. पण हे लक्षात ठेवा की सुई यातूनही जाते. मोजे दिले म्हणून आपल्याला कसाही कचरा द्यायची मुभा मिळत नाही.

---

निशिगंध

अगदी. आता इमारतीबद्दल थोडं, कारण घरोघरी सगळं नीट झालं तरी खाली उभं राहायला जागा नसते.

पहिली गोष्ट शौचालय. सकाळी सहा-सातला घर सोडलेली बाई दुपारपर्यंत बाहेर असते. बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. पाळीच्या दिवसांत तर विचारू नका. सोसायटीत रखवालदारासाठी शौचालय असतंच. आतून कडी, नळ, साबण आणि झाकणाची बादली असेल तर ते त्यांना खुलं करायला सभेचा ठरावसुद्धा लागत नाही. किल्ली रखवालदाराकडे ठेवून रोज मागायला लावू नका, दार उघडंच ठेवा.

दुसरी गोष्ट लिफ्ट. ‘कचऱ्यासाठी लिफ्ट वापरू नये’ ही पाटी काढा. सात मजले डोक्यावर ओझं घेऊन उतरायला लावणं हा अपमानही आहे आणि गुडघ्यांचं नुकसानही. वासाची अडचण असेल तर झाकणाचे डबे सोसायटीनं आणावेत.

तिसरी गोष्ट डब्याचं माप. मोठा पिंप स्वस्त पडतो म्हणून आणतात. पन्नास लिटरच्या डब्यात ओला कचरा काठोकाठ भरला की तो पंचवीस किलोच्या आसपास जातो, आणि एकटीला तो गाडीच्या काठापर्यंत उचलावा लागतो. वीस-पंचवीस लिटरचे, दोन्हीकडे कड्या असलेले डबे जास्त संख्येनं ठेवा.

चौथी गोष्ट निवडायची जागा: डोक्यावर पत्रा, उतार असलेली फरशी, जवळ नळ, एक दिवा, बसायला पाट. पावसाळ्यात पत्रा नसेल तर सगळा कागद भिजतो आणि महिन्याची कमाई घसरते.

---

मांडवीतीर

पणजीतून लिहितेय. आमच्याकडे निवासी संकुलांत सुक्या कचऱ्याचे खूप बारीक भाग करतात, एकूण 16 प्रकार. नव्या लोकांना ते जाच वाटतं. पण रहिवाशांनीच कप्प्यांत टाकलं की निवडणाऱ्याला ढिगात हात घालावा लागत नाही, हा मुख्य फायदा. कप्प्यांवर नुसतं लिहू नका, नमुना टांगा: एक खरी दुधाची पिशवी, एक बाटलीचं बूच, एक थर्माकोलचा तुकडा. वाचता न येणाऱ्यालाही कळतं, आणि पाहुण्यांनाही.

मासळीबद्दल कुणी लिहिलं नाही. खवले, कल्ले, कोलंबीची सालं दिवसभर डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशी अळ्या होतात. उष्ण हवेत माशीची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. गाडी सकाळी येत असेल तर हा कचरा कागदात गुंडाळून डब्यात घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कागदासकट ओल्यात द्या. कोंबडीची हाडंही तशीच.

---

कोपरा

पैशांचंही सांगा. महिन्याचं शुल्क काही जण देत नाहीत, म्हणतात ‘महापालिकेचा कर भरतो ना’.

---

सह्यकडा

@कोपरा, जिथे वापरकर्ता शुल्काची पद्धत आहे तिथे ते शुल्क म्हणजे तिची मजुरी असते, बक्षिसी नव्हे. त्यामुळे चार गोष्टी पाळा. महिन्याची एक तारीख ठरवून द्या, तिला दार वाजवून मागायला लावू नका. आठवडाभर गावी गेलात म्हणून कापू नका, ती इमारतीत रोज आलेलीच असते. एका घराचे थकले तर सोसायटीनं तिला भरून द्यावेत आणि नंतर त्या घराकडून वसूल करावेत. भांडण आपसातलं असतं, त्यात तिला मध्ये घालू नये. आणि सुट्टे नाहीत म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

सुक्या मालाचंही तसंच. तुमची रद्दी तुम्ही विकली तर तो तुमचा हक्क. पण एकदा डब्यात टाकलं की ते तिचं. रखवालदारानं बाटल्या आणि पुठ्ठा आधीच काढून घ्यायचा आणि चिप्सची पाकिटं तिच्यासाठी ठेवायची, हे खूप ठिकाणी चालतं. त्या पाकिटांना भंगारात जवळजवळ काहीच किंमत नाही. म्हणजे ओझं तेवढंच, कमाई शून्य. हे सचिवांनी थांबवलं पाहिजे.

---

रानजाई

उरलेलं जेवण आणि जुने कपडे द्यावेत की नाही?

---

शतावरी

@रानजाई, आधी विचारावं, आणि ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नये. जे आज आपल्या ताटात वाढलं असतं तेच द्यावं. वास आलेलं असेल तर सरळ ओल्या कचऱ्यात. स्वच्छ भांड्यात, हातात द्यावं, कचऱ्याच्या डब्याशेजारी जमिनीवर ठेवू नये. पाणी मागितलं तर घरातल्याच पेल्यात. त्यांच्यासाठी वेगळा पेला कोनाड्यात ठेवायची पद्धत आजही दिसते आणि तिच्या मुळाशी जात आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. कपडे धुऊन, बटणं लावून द्यावेत. फाटके असतील तर ते सुका कचरा आहेत, भेट नाहीत.

नाव विचारा आणि नावानं हाक मारा, वयाप्रमाणे ताई, मावशी, काका. मुलांसमोर ‘कचरेवाली आली’ म्हणू नका. मुलं तेच उचलतात.

---

कोपरा

शेवटचा प्रश्न. आमची जुनी इमारत, मैलाटाकी आहे. दर वेळी येणारा माणूस कमरेला दोरी बांधून उतरतो आणि तळाचा गाळ काढतो. दोरी असली की पुरेसं आहे का?

---

मुळाकाठ

@कोपरा, नाही. त्याला उतरवूच नका.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असताना कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. माणसाला वाटतं वायू निघून गेला. गाळ ढवळला की वायू एकदम बाहेर येतो आणि दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. दोरीनं वर ओढेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि वाचवायला दुसरा उतरला की तोही जातो. एकाच टाकीत दोन-तीन जण दगावल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. पेटती काडी आत सोडून ‘हवा तपासणं’ तर आणखी घातक. आत मिथेन असतो, भडका उडतो.

हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय गटारात किंवा मैलाटाकीत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठेकेदार मध्ये असला तरी काम देणारी सोसायटी सुटत नाही, कारण कायद्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असं लिहिलं आहे. मृत्यू झाल्यास कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. आधी ती 10 लाख होती.

करायचं असं. उपसा करणारी गाडी बोलवा आणि फोनवरच विचारा की पाइप किती लांब आहे, पाण्याचा जोरदार फवारा मारायची सोय आहे का. तळाचा घट्ट गाळ फवाऱ्यानं सुटतो, त्यासाठी माणूस लागत नाही. झाकणं उघडून बराच वेळ हवा खेळू द्या, सगळ्यांना लांब ठेवा, मुलांना तर अंगणातच येऊ देऊ नका, विडी-सिगारेट बंद. गाळ दगडासारखा व्हायचं कारण टाकी सात-आठ वर्षं न उपसणं. दर दोन-तीन वर्षांनी उपसली तर ही वेळच येत नाही. काम देताना कागदावर एक ओळ लिहून घ्या: ‘टाकीत कोणीही उतरणार नाही.’ त्याखाली ठेकेदाराची सही. तरीही कुणी उतरायला लागला तर काम तिथेच थांबवा, गाडीचं ठरलेलं भाडं देऊन टाका, म्हणजे त्या माणसाचा रोज बुडणार नाही. उपशासाठी 14420 हा मदत क्रमांक आहे. तो लागत नसेल तर वॉर्ड ऑफिसच्या मलनिःसारण विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

कोपरा

ठेकेदाराला फोन करून या रविवारचं काम रद्द केलं. पाइपची लांबी आणि फवाऱ्याचं विचारून दोन गाड्यांचे दर मागवतो, आले की इथेच टाकतो.